मास्तरांची पाठ

पडदा वर जातो तेव्हा समोर एक पाठ दिसते. चेहरा नाही, नुसती पाठ. शिलाई मशीनवर वाकलेली, खांद्यांशी गोलावलेली, मानेवर मोजपट्टी. डाव्या हाताला कापड बेतायचं लांबलचक टेबल, उजव्या हाताला तीन पानांचा उभा आरसा, आणि मागच्या भिंतीवर ओळीने खिळे. खिळ्यांना खाकी कागदाचे बेत, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे नमुने, टांगलेले. दार उघडलं की सगळे एकदम कुजबुजतात. रंगमंचावर उभ्या राहणाऱ्याने प्रेक्षकांकडे पाठ करू नये, असा जुना दंडक आहे. पण या माणसाचा धंदाच असा, की तीस वर्षं आल्यागेल्याला आधी पाठच दिसली.

हे मास्तर. पेशाने शिंपी, वय चौपन्न. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नाही. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते मास्तरच.

मास्तरांच्या हातात कसब होतं आणि जिभेवर साखर. गिऱ्हाइकाचं माप घेताना ते आकडा मोठ्याने म्हणत, आणि तो नेहमी दोन इंच कमी असे. "कंबर चौतीस!" अशी ललकारी द्यायची, टेबलापाशी वही घेऊन बसलेल्या बायकोने छत्तीस लिहायचं आणि पुढे एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे, म्हटलं ते गिऱ्हाइकासाठी, लिहिलं ते कात्रीसाठी. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात दोघांनी मिळून काढलेली ही रीत. कपडा अंगात घातल्यावर गिऱ्हाईक आरशात वळून वळून बघे. "मास्तर, बारीक झालो की काय मी?"

"मग! मी तेव्हाच म्हटलं होतं हिला," मास्तर म्हणत आणि बायको खाली मान घालून काज भरत बसे.

त्या वहीत साऱ्या वस्तीची मापं होती. फक्त मास्तरांचं पान नव्हतं. त्यांचा बेत दाराजवळच्या वेगळ्या खिळ्याला होता. सव्विसाव्या वर्षी, लग्नाच्या कोटासाठी त्यांच्या गुरूंनी स्वतःच्या हाताने कापलेला. मास्तर दरवर्षी आपल्यासाठी एक कोट शिवत, तो त्याच कागदावरून. पुढच्या दोन भागांना मधूनमधून चिंचोळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, कारण पोट आरशात दिसतं. पाठीचा भाग मात्र गुरूंनी कापला तसाच होता. त्याला कात्री काय, पेन्सिलही लागली नव्हती.

बायको म्हणे, "अहो, एकदा माप घेऊ द्या मला."

"शिंप्याचं माप? उद्या स्वयंपाक्याला जेवायला वाढशील."

"वाढतेच आहे की रोज तुम्हाला. म्हणून तर म्हणते."

तर असे हे मास्तर गोल्फ खेळत. हे ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जात. गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ, सुईदोऱ्यावाल्याचा तिथे काय संबंध? संबंध लागला तो मेहुण्यामुळे. मास्तरांच्या बायकोचा थोरला भाऊ बसवर ड्रायव्हर होता. त्याच्या बसचा शेवटचा थांबा नगरपालिकेच्या मैदानाच्या फाटकापाशी. नऊ होलचं साधं मैदान, पाण्याच्या टाकीमागे, कोणीही यावं आणि खेळावं असं. दोन फेऱ्यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत ड्रायव्हर कुंपणाला रेलून बघत असे. एके दिवशी कोणीतरी रागाने भिरकावलेली काठी त्याच्या पायाशी येऊन पडली. मालक घ्यायला आलाच नाही. पुढच्या रविवारी त्याने मास्तरांना ओढून नेलं. "दाजी, चला. तीन तास घराबाहेर, आणि बहीणही काही बोलणार नाही, कारण तुम्ही माझ्याबरोबर आहात."

त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांतले रविवार, सकाळी साडेसहा, फाटकापाशी ड्रायव्हर उभा आणि समोरून चौकड्यांच्या कोटात मास्तर. होय, कोटात. लोक स्वेटर घालत, टी-शर्ट घालत; मास्तर कोट घालत. "मी चालती पाटी आहे," ते म्हणत. "पाटी कोणी घडी करून पिशवीत ठेवतं का?"

या दोघांच्या रविवारवर यंदा गदा आली होती.

त्या मैदानाच्या नवव्या होलला मध्ये तळं आहे. चेंडू मारायच्या दोन जागा, मागचे पांढरे खुंट आणि पुढचे पिवळे. पांढऱ्या खुंटांपासून तळ्याचा पलीकडचा काठ एकशे तीस पावलं. इथे खेळणाऱ्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाई म्हणत, त्याही ऐकून घेत. एका वर्षी एका हट्टी आजोबांनी पांढऱ्या खुंटांवरून अकरा चेंडू तळ्यात घातले आणि मागे सतरा माणसं ताटकळली. तेव्हापासून हेडबाईंनी नियम केला. पन्नाशी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा सर्वांसमोर तीन चेंडू मारायचे. एक तरी तळ्यापार गेला, तर सकाळच्या पांढऱ्या खुंटांच्या गटात राहायचं. नाही गेला, तर दुपारच्या पिवळ्या गटात. आणि रविवारी दुपारी तर मास्तरांचं दुकान उघडं. आठवडाभर नोकरीत अडकलेली सारी गिऱ्हाइकं तेव्हाच कपडे अंगाला लावून बघायला येत. दुपारचा गट म्हणजे मास्तरांचा खेळ संपला. तीन घंटांनंतर पडदा उघडतो हे आपल्याला ठाऊक. इथे तिसऱ्या चेंडूनंतर पडणार होता.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा चेंडू आरामात पलीकडे गेला होता. गेल्या वर्षी तिसरा चेंडू पाण्यावर बेडकासारखा दोन उड्या मारून काठावर चढला, तेव्हा हेडबाईंनी चष्मा पुसून "मान्य" म्हटलं. यंदा सरावात एकदाही नाही.

ड्रायव्हरचा चेंडू मात्र दरवेळी सुखरूप पलीकडे उतरे, जणू मार्ग ठरलेला आणि तिकीट काढलेलं. पोट मास्तरांच्या दीडपट, वय तीन वर्षं जास्त. पण काठी मागे नेताना तो असा वळे की छाती साफ मागे.

"अहो ड्रायव्हर, तुम्ही खाता काय?" मास्तरांनी एकदा वैतागून विचारलं.

"खाण्याचं नाही दाजी. मी तीस वर्षं बस मागे घेतोय. दिवसातून चाळीस वेळा कंबरेतून वळून मागे बघायचं. तुम्ही तीस वर्षं एका सुईच्या टोकाकडे बघताय. मागे वळायचं तुमच्या अंगाला माहीतच नाही."

हे मास्तरांना लागलं. कारण खरं होतं.

त्यांची मुलगी इस्पितळात लोकांना व्यायाम शिकवण्याचं काम करी. आखडलेले गुडघे, धरलेल्या माना, सगळे तिच्या हाताखालून जात. तिने एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर वडिलांना स्टुलावर बसवलं. कोट काढला होता, अंगात बनियन. हातात झाडू देऊन तो खांद्यांवर आडवा धरायला लावला.

"गुडघे पुढेच. कंबर हलवायची नाही. आता फक्त छाती उजवीकडे वळवा. काय दिसतंय?"

"आरशाची कड."

"बस? बाबा, आरसा तर समोर आहे जवळजवळ!"

"मग तो कुठे ठेवू?"

मुलगी हसली नाही. मास्तरांच्या पाठीवरून अंगठा फिरवत तिने समजावलं, "कंबर खाली, मान वर, दोघींच्या मध्ये हा पाठीचा भाग. वळायला हवा तो हा. तो तुमचा मशीनवर वाकून वाकून थिजलाय. तो वळत नाही म्हणून तुम्ही हातांनी काठी उचलता. नुसत्या हातांनी मारलेल्या चेंडूत जीव कुठून येणार? रोज दहा मिनिटं. श्वास सोडताना वळायचं, ओढाताण नाही. आणि काठी मागे नेताना डावी टाच उचलली तरी चालेल."

"टाच? पाय जमिनीत रोवून उभं राहावं म्हणतात ना?"

"विशीतल्यांनी रोवावेत. तुम्ही उचला. आभाळ कोसळत नाही."

मग सहा आठवडे दुकानात रोज संध्याकाळी एक मूकनाट्य चाले. मास्तर स्टुलावर, खांद्यांवर झाडू. श्वास सोडत वळायचे आणि नजर पोचेल तिथे बायको भिंतीवर खडूने खूण करायची. पहिल्या आठवड्यात खूण आरशाच्या कडेशी. दुसऱ्यात खिडकीच्या चौकटीवर. चौथ्यात पहिल्या खिळ्यापाशी. एकदा तर वळताना पाठीतून असा कडकन आवाज आला की बायकोच्या हातातला खडू पडला. मास्तर म्हणाले, "घाबरू नकोस, गंज निघाला." सहाव्या आठवड्यात नजर दाराजवळच्या शेवटच्या खिळ्यापर्यंत पोचली. मास्तर उठले, झाडूचीच काठी करून, टाच उचलून, बनियनवर असे झोकात वळले की आरशातल्या तिन्ही मास्तरांनी एकमेकांकडे कौतुकाने बघितलं.

आणि मैदानावर? मैदानावर काठी खांद्यापर्यंत जाई आणि अडे. जणू मागून कोणीतरी धरून ठेवलंय.

"घरात वाघ आणि बाहेर शेळी," ड्रायव्हर हळहळला. "दाजी, भीती वाटते का?"

"कसली भीती? घरी शेवटच्या खिळ्यापर्यंत वळतो मी!"

"मग इथे एक खिळा ठोकू का?"

मुलीलाही कोडं उलगडेना. ती म्हणाली, चारचौघांत अंग आखडत असेल. तालमीत घोटून पाठ केलेलं भाषण प्रयोगाच्या वेळी घशात अडकतं, तसं काहीतरी. मास्तरांनी मान डोलावली, पण रात्री झोप नीट लागेना.

परीक्षेचा रविवार उजाडला. थंडी होती, तळ्यावर पातळ धुकं होतं. घरी बायकोने नेहमीसारखा कोट धरला. डावा हात गेला. उजवा घालायला दोघांची शर्थ झाली.

"दरवर्षी आटतो बघ हा कोट," मास्तर म्हणाले. "हल्ली कापडच तसं येतं."

"हो ना," बायको म्हणाली. "कपाटातल्या कपाटात, कोरं असतानाच आटतं."

त्या दिवशी ती मुद्दाम मैदानावर आली. मुलगीही आली. वीस-पंचवीस माणसं अर्धवर्तुळ करून उभी होती. हेडबाई घडीच्या खुर्चीवर, हातात घड्याळ. ड्रायव्हरची पाळी आधी झाली. पहिलाच चेंडू पलीकडे; काठी बगलेत मारून तो बाजूला झाला आणि मास्तरांच्या कानाशी म्हणाला, "दाजी, पुढच्या रविवारी साडेसहाला फाटकाशी मी एकटा उभा राहणार नाही. एवढं लक्षात ठेवा."

पहिला चेंडू. काठी मागे गेली, खांद्याशी अडली, खाली आली. डुबुक. तळ्याच्या मधोमध वर्तुळं उठली.

दुसरा चेंडू. या वेळी मास्तरांनी जोर लावला. डुबुक. आणखी अलीकडे. जोराचं हे असंच असतं.

पण दुसऱ्या वेळी सगळे श्वास रोखून उभे असताना, काठी वर जाताजाता मास्तरांना काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक. टच्. शंभर आवाजांत हा आवाज त्यांनी ओळखला असता. ताण पडलेला टाका तुटण्याआधी असाच ओरडतो. भरल्या दुकानात कोणाच्या तरी बगलेत तो वाजला, तर मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणत, "उजवा हात खाली घ्या साहेब." त्यांनी सवयीने आजूबाजूला बघितलं. कोणाचं फाटतंय? सगळे तर स्तब्ध उभे.

त्यांनी चेंडूशिवायच काठी सावकाश मागे नेली. टच्. आवाज त्यांच्याच खांद्यांच्या मधून आला.

मास्तर तसेच उभे राहिले. काठी अर्ध्यावर, टाच उचललेली. घरी बनियन, इथे कोट. पुढच्या भागाला पट्ट्या, मागच्याला काही नाही. अठ्ठावीस वर्षं साऱ्या वस्तीला दोन इंच कमी सांगून दोन इंच जास्त लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःला कमी सांगितलं होतं आणि कमीच कापलं होतं.

"मास्तर," हेडबाई म्हणाल्या, "पाच मिनिटं आहेत."

"अहो, काढून टाका तो कोट!" ड्रायव्हर ओरडला. त्यालाही एव्हाना उमगलं होतं.

मास्तरांनी बटणं सोडली, खांदे मागे टाकले, आणि फसले. कोट कोपरांपर्यंत उतरला आणि तिथेच घट्ट बसला. दोन्ही हात पाठीमागे बांधल्यासारखे. मुलीने एक बाही ओढली, ड्रायव्हरने दुसरी. मास्तर मधल्या मध्ये भोवऱ्यासारखे फिरले. लोक हसू दाबत होते, मग दाबेनासे झाले.

"सोडा! सोडा मला!" मास्तर म्हणाले. "परत चढवा वर." कोट परत खांद्यांवर चढला. मग ते बायकोकडे वळले. "अगं, तुझी कात्री आहे?"

बायकोच्या पर्समध्ये धागा कापायची छोटी कात्री नसेल असा दिवस नव्हता. तिने ती काढली, पण हात तिथेच थांबला. "काय करू?"

"उसव."

"इथे?"

"मधली शिवण. मानेखालून कमरेपर्यंत, अस्तरासकट. कापड सांभाळ, फक्त टाके घे."

"अहो, पंचवीस माणसं बघताहेत."

"बघू देत. पाठ आहे, मला कुठे दिसणार आहे?"

बायकोने चष्मा डोळ्यांवर घेतला. तिच्या बोटांना सवय होती. टाका उचलायचा, कापायचा, पुढचा उचलायचा. सुरुवातीला हसणारे लोक हळूहळू गप्प झाले. कापड एकेका इंचाने सैल होत गेलं आणि मास्तरांचे खांदे एकेका इंचाने खाली आले. शेवटचा टाका सुटला तसे कोटाचे दोन भाग दोन बाजूंना सरकले आणि आतून शर्टाची पाठ उघडी पडली. कोटाखाली कोण बघणार म्हणून मास्तरांनी ती उरलेल्या तुकड्यांची शिवली होती. कोणाच्या तरी खिडकीच्या पडद्याचं पिवळंधमक कापड, त्यावर बशीएवढी लाल फुलं.

"दाजी," ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "पडदा उघडला हो!"

या वेळी हेडबाईसुद्धा हसल्या. मास्तरही हसले, आणि हसताना श्वास आपोआप सुटला. त्याच श्वासावर त्यांनी काठी मागे न्यायला सुरुवात केली. घाई नाही. छाती वळली, डावी टाच उचलली गेली, लाल फुलं आधी ताणली आणि मग पुरती तळ्याकडे वळली. डावा खांदा हनुवटीखाली आला. क्षणभर मास्तर वर थांबले. त्यांना दुकानातला शेवटचा खिळा दिसला असावा. मग टाच टेकली आणि बाकीचं मागोमाग आलं.

आवाजच निराळा होता. डुबुक नव्हे, पलीकडून थप्प.

पण कुठे? चेंडू समोरच्या काठाच्या उतारावर आपटला, दोन हात मागे घरंगळला आणि पाण्यालगतच्या गवतात दिसेनासा झाला. कोणी टाळी वाजवेना. हेडबाई खुर्चीतून उठल्या, काठी टेकत तळ्याला वळसा घालून निघाल्या. त्या दोनशे पावलांत ड्रायव्हरने टोपी काढून तीनदा घातली. बायकोने मास्तरांची उघडी पाठ आपल्या शालीने झाकली. त्यांना ते कळलंही नाही. हेडबाई वाकल्या. गवत दोन बाजूंना केलं. बोट लावून बघितलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि वर्गात म्हणावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कोरडा आहे!"

ड्रायव्हरने मास्तरांना उचललं. हो, चक्क उचललं, आणि म्हणाला, "साडेसहा! फाटकाशी! आणि हाच शर्ट!"

सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर मास्तरांनी पहिलं काम केलं ते गुरूंच्या हातचा बेत खिळ्यावरून उतरवण्याचं. त्याची नीट घडी घातली, वहीच्या शेवटच्या पानात ठेवली आणि मानेवरची मोजपट्टी काढून बायकोच्या हातात दिली. तीन पानी आरशासमोर तेच उभे राहिले, जिथे आजवर इतकी माणसं पोट आत ओढून उभी राहिली होती.

"हात खाली," बायको म्हणाली. "श्वास सोडा. सोडा म्हटलं ना, फुगवू नका."

पट्टी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत गेली. तिने बोटाने आकडा धरला आणि ललकारी दिली, "पाठ सोळा!"

ती टेबलाशी गेली, वहीचं कोरं पान काढलं. आरशाच्या बाजूच्या पानात मास्तरांना सगळं दिसत होतं. तिने लिहिलं, अठरा. आणि पुढे एक टिंब दिलं.

आरशातल्या त्या पाठीकडे बघत मास्तर टाच उचलून थोडेसे वळले, परत सरळ झाले आणि म्हणाले, "अर्धा इंच आणखी धर गं. पुढच्या वर्षी मला याहून जास्त वळायचंय."